घरात आलेले आजारी पिल्लू

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे दाखविते, अशी समजूत मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सात हा आकडा कोणी मोजून ठरविलेला नाही. परंतु समजुतीच्या मुळाशी असलेले निरीक्षण खरे आहे. व्यालेली मांजरी जागा बदलते. माळ्यावरची अडगळ, कोठीच्या खोलीतील रिकामी पोती, शेजाऱ्यांच्या पडवीतील लाकडांची रास अशा एकेक आडोशाच्या जागा ती हेरते आणि पिल्लाची मानगूट दातांत हलकेच धरून त्याला तेथे नेऊन ठेवते. आपले पिल्लू इतरांच्या वाटेपासून दूर राहावे, ही तिची पहिली काळजी असते. आईवेगळे पिल्लू जेव्हा माणसाच्या घरी येते, तेव्हा ही काळजी माणसावर येऊन पडते. आणि बहुतेक घरांत नेमका तिचाच विसर पडतो.

इंदूरचा जुना वाडा असो, वडोदऱ्यातील चार खोल्यांचे बिऱ्हाड असो की बेळगावचे कौलारू घर असो, प्रसंग थोड्याफार फरकाने सारखाच असतो. पावसाची झड लागलेली असते. शाळेतून परतणारी मुले गटाराच्या कडेला ओरडत बसलेले एक पिल्लू उचलून आणतात. त्याचे डोळे चिपडांनी चिकटलेले, नाक वाहते, पोट फुगलेले आणि अंग गार असते. घरात आधीच तीन मांजरे नांदत असतात. मग दोन मते पडतात. एक पक्ष म्हणतो, "ही ब्याद आली तेथे परत ठेवून या." दुसरा पक्ष म्हणतो, "असू द्या बिचारे. थोरल्या भाटीजवळ सोडा, ती चाटूनपुसून त्याला आपलेसे करील." पहिल्या सल्ल्याने पिल्लाचा जीव जातो. दुसऱ्या सल्ल्याने कधीकधी घरातल्या चारही मांजरांचा जीव धोक्यात येतो. या दोहोंच्या मधला मार्ग अधिक कष्टाचा आहे. पिल्लाला घरात घ्यावे, परंतु दार लावून निराळ्या खोलीत ठेवावे, हा तो मार्ग होय.

दार लावणे पुष्कळांना निष्ठुरपणाचे वाटते. म्हणून त्यामागील कारण नीट समजून घेतले पाहिजे. मांजरांच्या साथीच्या रोगांत सर्वांत भयंकर रोग म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. पार्व्हो जातीच्या एका विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतील मज्जेवर आघात करतो. त्यामुळे ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात आणि रोगाशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. लस न टोचलेल्या लहान पिल्लांपैकी बहुतेक यात दगावतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः २ ते ७ दिवस जातात, म्हणजे आज खेळताना दिसणारे पिल्लूही रोग घेऊन आलेले असू शकते. या विषाणूची चिवट प्रकृती तर याहून घातक आहे. फरशीच्या फटीत, गोणपाटात, चपलेच्या तळव्यावर तो महिनोन् महिने, अनुकूल जागी एक वर्षापर्यंतही टिकून राहतो. आजारी पिल्लाने घरातल्या मांजरांना स्पर्शही न करता, घरच्या माणसांच्या पावलांनी हा रोग स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू शकतो.

शिंका आणि चिकटलेले डोळे यांचे कारण बहुधा वेगळे असते. त्याला सामान्यतः मांजरांचा फ्लू म्हणतात. परंतु तो माणसाच्या फ्लूचा विषाणू नव्हे. मांजरांचा हर्पिस विषाणू आणि कॅलिसी विषाणू हे त्याचे दोन मुख्य कर्ते होत. शिंकेचे तुषार एक-दीड मीटरपर्यंत जातात. हर्पिसचा विषाणू बाहेर जेमतेम एखादा दिवस जगतो; कॅलिसी मात्र काही आठवडेही तग धरतो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एकदा हर्पिस झालेल्या मांजराच्या शरीरात तो विषाणू जन्मभर सुप्त राहतो, आणि मनावर ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. नवे पिल्लू घरात येणे हा जुन्या मांजरांच्या दृष्टीने मोठाच ताण असतो. तेव्हा धडधाकट दिसणारा घरचा बोकाही अशक्त पिल्लाला रोग देऊ शकतो. मधले दार जुन्या मांजरांचे जेवढे रक्षण करते, तेवढेच ते पिल्लाचेही करते.

अनेक मांजरे एकत्र राहतात तेथे रोग कसे हिंडतात, याची साक्ष शास्त्राच्या इतिहासात सापडते. उत्तर कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे मांजरे सांभाळणाऱ्या एका ठिकाणी एकाच आवारातील मांजरे एकामागून एक खंगू लागली. तेथील मांजरांच्या रक्ताची तपासणी डेव्हिस येथील विद्यापीठाच्या नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि १९८७ साली मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एक नवा विषाणू जगापुढे आला. आजारी दिसणाऱ्या २५ मांजरांपैकी १० मांजरांत त्याच्या संसर्गाची खूण मिळाली. निरोगी १८ मांजरांत ती केवळ एकात मिळाली. हा विषाणू मुख्यतः चावण्याने पसरतो. त्याआधी १९६४ साली ग्लासगो येथे विल्यम जॅरेट यांनी मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू शोधला होता. लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि सामाईक ताटलीतून तो जातो. या दोन्ही रोगांसाठी रक्ताची चाचणी आज उपलब्ध आहे, आणि नव्या पिल्लाला घरच्या मांजरांत मिसळण्यापूर्वी ती पशुवैद्याकडून करून घेणे हिताचे असते.

आता प्रत्यक्ष शुश्रूषेकडे वळावे. निराळी खोली याचा अर्थ प्रशस्त दालन असा नाही. कोरडे न्हाणीघर, कोठीची खोली, जिन्याखालची बंद होणारी जागा, यांपैकी काहीही चालते. दार घट्ट लागावे, वारा थेट येऊ नये आणि फरशी धुता यावी, एवढ्या तीन अटी पुरेशा आहेत. तेथे पुठ्ठ्याचे एक खोके, जुन्या सुती लुगड्याच्या घड्या, पाण्याची उथळ वाटी, अन्नाची ताटली आणि वाळूचे लहान घमेले ठेवावे. या वस्तू त्या खोलीबाहेर आणू नयेत, आणि बाहेरच्या मांजरांच्या वस्तू आत नेऊ नयेत.

पिल्लाला आधी ऊब द्यावी आणि नंतर अन्न, हा पहिल्या तासाचा नियम आहे. घरातील आजीबाई मायेपोटी म्हणतात, "अगं सूनबाई, वाटीभर दूध ठेव त्याच्यापुढे, आपोआप उभं राहील." माया खरी असली तरी सल्ला चुकीचा आहे. गारठलेल्या पिल्लाचे आतडे काम करीत नाही. पोटात गेलेले अन्न तसेच पडून राहते, आणि गिळण्याची शक्ती नसल्याने ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. मोठ्या मांजराच्या शरीराचे उष्णतामान सामान्यतः ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसापेक्षा किंचित अधिक. म्हणून पिल्लू हाताला गार लागले तर ते खरोखरच गारठलेले आहे, असे समजावे. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे अधिक उकडल्यास पिल्लाला सरकता येते. ऊब हळूहळू द्यावी. शेगडीपाशी एकदम शेकणे धोक्याचे असते. पिल्लू अगदीच मलूल असेल तर ग्लुकोजच्या किंवा साखरेच्या पाण्याचे एकदोन थेंब हिरड्यांना चोळावे आणि विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

अंगात ऊब आली की अन्नाचा विचार करावा. गाईम्हशीचे दूध मांजराचे अन्न आहे, हा आपल्याकडील फार जुना ग्रह आहे. त्या दुधातील शर्करा पुष्कळ पिल्लांना पचत नाही. जुलाब होतात, आणि आधीच सुकलेले शरीर आणखी सुकते. चार आठवड्यांच्या आतील पिल्लासाठी मांजराच्या पिल्लांचे म्हणून मिळणारे दुधाचे चूर्ण वापरावे. ते पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये; आईला लुचताना ते जसे पोटावर असते, तसेच ठेवावे. तीन आठवड्यांच्या आतील पिल्लाला मलमूत्रविसर्जन स्वतःहून करता येत नाही. आई त्याला चाटून ते घडवून आणते. तेच काम कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने प्रत्येक वेळी पाजल्यानंतर करावे लागते.

चार आठवड्यांवरील पिल्लाला मऊ मांसान्न हवे. शाकाहारी घरांत येथे थोडी अडचण येते, आणि दूधभातावर अथवा दूधपोळीवर मांजर पोसले जाते. परंतु मांजर हा निसर्गतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही; ते मांसामाशांतूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील पडदा खराब होतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्याच अभावाने हृदयाचे स्नायू निकामी होतात, हे १९८७ साली कळून आले. ज्या घरात मांस शिजत नाही, त्या घरी मांजरांसाठी तयार मिळणारे संपूर्ण अन्न आणणे, हा सोयीचा तोडगा आहे. आजारी पिल्लाचे नाक चोंदलेले असते आणि वास आल्यावाचून मांजर खात नाही. म्हणून कोमट ओल्या कापसाने नाकडोळे पुसावे, अन्न किंचित कोमट करावे, आणि थोडेथोडे, दिवसातून पाचसहा वेळा पुढे ठेवावे. कांदा, लसूण व मीठमसाला त्यात मुळीच नसावा.

पिल्लू सुधारते आहे की खालावते आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तराजू हवा. जन्मतः सुमारे १०० ग्रॅम असलेले पिल्लू रोज साधारणपणे १० ते १५ ग्रॅम वाढते आणि महिन्याचे होईपर्यंत ४०० ग्रॅमच्या आसपास जाते. स्वयंपाकघरातील तराजूवर रोज ठराविक वेळी वजन करून ते वहीत टिपावे. वहीच्या शेजारच्या रकान्यात खाणे, शौच आणि ओकारी यांची नोंद असावी. वजन वाढेनासे झाले किंवा घटू लागले, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. हिरड्या पांढुरक्या पडणे, मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली असता सावकाश परतणे, पाण्याच्या वाटीवर मान टाकून न पिता बसून राहणे, श्वास तोंडाने घेणे, रक्तमिश्रित जुलाब, ही सारी तातडीची लक्षणे आहेत. एवढा लहान जीव काही तासांतच हाताबाहेर जातो.

पिसवा हे दिसायला क्षुल्लक प्रकरण. पण अंगभर पिसवा झालेल्या पिल्लाचे रक्त त्या इतके शोषतात की ते पांढरेफटक पडते. ऊवा काढण्याची बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी एवढ्यावर बरेच काम भागते. गारठलेल्या पिल्लाला न्हाऊ घालू नये. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पिसवांच्या औषधांत पुष्कळदा परमेथ्रिन असते. ते मांजराला विषासमान आहे. माणसांच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी त्याहूनही वाईट. तिचा एखादा तुकडाही मांजराचे प्राण घेऊ शकतो, कारण ते औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. जंत तर आईच्या दुधावाटेच पिल्लात उतरतात आणि फुगलेले पोट ही त्यांचीच खूण असते. परंतु जंताचे औषधही वजन पाहून पशुवैद्यानेच द्यावयाचे असते.

पूर्वी जनावरांचा दवाखाना म्हणजे गुरांचा दवाखाना, अशीच सर्वसाधारण समजूत होती. मुंबईस परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ १८८६ साली झाला. इंदूरजवळ महू येथील महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले. अशा संस्थांतून बाहेर पडलेले पशुवैद्य आज मांजरांवरही तितक्याच आस्थेने उपचार करतात. पॅनल्यूकोपेनियावर विषाणूला मारणारे हमखास औषध नसले, तरी शिरेवाटे पाणी, ओकारी थांबविणारी औषधे आणि दुय्यम संसर्गावरील प्रतिजैविके यांच्या आधाराने काही पिल्ले वाचतात. पहिले पाच दिवस निभावले तर आशेला जागा असते. एका रोगाची कथा तर फारच दिलासा देणारी आहे. मांजरांमधील एका सामान्य कोरोना विषाणूतून कधीकधी पोटात पाणी भरणारा एक रोग उद्भवतो. माणसांत २०१९ च्या अखेरीस उद्भवलेल्या कोरोनाशी त्याची गल्लत करू नये. अनेक मांजरांच्या घरांत, सामाईक घमेल्यावाटे, तो विषाणू सहज पसरतो. हा रोग झाला की मांजर जाणारच, असे वर्षानुवर्षे धरून चालत असत. पण २०१९ साली डेव्हिस येथेच झालेल्या प्रयोगात जीएस ४४१५२४ या औषधाने बहुसंख्य आजारी मांजरे बरी झाली.

शुश्रूषा करणाऱ्याने कामाचा क्रम ठरवून घ्यावा. सकाळी आधी निरोगी मांजरांचे खाणे, घमेली आणि लाड उरकावे. आजारी पिल्लाच्या खोलीत सर्वांत शेवटी जावे. आत जाताना एक जुने वस्त्र अंगावर घ्यावे, निराळ्या चपला घालाव्या, आणि बाहेर येताच हात साबणाने चांगले धुवावे. दवाखान्यांतून वापरले जाणारे मद्यार्कयुक्त द्रव पार्व्होपुढे दुबळे ठरतात. फिनाईल तर दोन्ही परींनी गैरसोयीचे आहे. या विषाणूवर ते भरवशाचे नाही आणि मांजराला मात्र ते बाधते. फरशी आधी साबणाने धुऊन घाण काढावी, मग घरगुती विरंजक द्रव ३२ भाग पाण्यात एक भाग या प्रमाणात मिसळून दहा मिनिटे ओला राहू द्यावा आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावे. तोवर पिल्लाला तेथून दूर ठेवावे. हा द्रव आम्लाच्या स्वच्छक द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

माणसांनीही स्वतःला जपले पाहिजे. अनोळखी पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पिसाळ हा रोग मांजरांतही होतो. अंगावर गोल, केस गेलेले चट्टे असतील तर ती गजकर्णासारखी बुरशी असते आणि ती मुलांच्या हातांवर उमटते. घरात गर्भवती असेल तर घमेले उपसण्याचे काम तिने करू नये. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या शौचातून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घमेले दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केले की धोका पुष्कळच घटतो.

या साऱ्या धावपळीत जुन्या मांजरांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. दाराच्या फटीतून येणारा परका वास, घरातल्या माणसांचे बदललेले लक्ष, हे त्यांना जाणवते. एखादी भाटी माळ्यावर जाऊन बसते, बोका दाराशी फुत्कारतो. तो तिचा किंवा त्याचा दुष्टपणा नव्हे. आपल्या हद्दीची ती राखण असते. त्यांच्या जेवणाच्या वेळा मोडू नयेत आणि त्यांच्या लसी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे पिल्लू आल्या दिवशीच पाहून घ्यावे. पॅनल्यूकोपेनियावरची लस चांगलीच प्रभावी आहे. पिल्लाला ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, पण आजारातून सावरल्यावर आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानेच, टोचावयास आरंभ करतात आणि सोळा आठवड्यांचे वय पूर्ण होईपर्यंत ठराविक अंतराने पुन्हा देतात.

पिल्लू बरे दिसू लागले की मुलांना घाई होते. "आता सोडू या ना त्याला बाहेर!" असा लकडा ती आईच्या मागे लावतात. तरीही निदान चौदा दिवस दार उघडू नये. पॅनल्यूकोपेनियातून उठलेल्या पिल्लाच्या शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो, त्यामुळे त्याला अधिक काळ लागतो. पशुवैद्याने परवानगी दिल्यावर ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी. प्रथम एकाचे अंथरूण दुसऱ्याकडे न्यावे, म्हणजे वासाची सवय होते. मग दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवाव्या. त्यानंतर दार बोटभर उघडावे, आणि शेवटी माणसाच्या देखत थोडा वेळ समोरासमोर आणावे. घमेली मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असावी. यात आठवडे गेले तरी वाईट वाटून घेऊ नये.

इतके करूनही काही पिल्ले जातात. रस्त्यावर जन्मलेल्या, आईचे पुरेसे दूध न मिळालेल्या जीवाची शक्ती मुळातच तुटपुंजी असते. अशा वेळी मुलांना खोटे सांगू नये. त्यांनी त्या पिल्लाला कोरडे अंथरूण दिले, ऊब दिली, आणि घरातल्या इतर मांजरांनाही वाचविले, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे. त्या खोलीतील खोके आणि चिंध्या जाळाव्या, फरशी वर सांगितल्याप्रमाणे धुवावी, आणि रोग पॅनल्यूकोपेनियाचा असेल तर लस न टोचलेले दुसरे पिल्लू वर्षभर घरात आणू नये. दुःखाच्या भरात दुसऱ्याच दिवशी नवे पिल्लू आणणारी घरे पुष्कळ आहेत, आणि तेच दुःख त्यांच्या वाट्याला पुन्हा येते.

पण ज्या घरी चिकाटी फळाला येते, तेथे एके सकाळी वहीतील आकडा पुढे सरकलेला दिसतो. पिल्लू पाय आपटीत ताटलीकडे धावते, खाऊन झाल्यावर स्वतःचा पंजा चाटू लागते. मांजर स्वतःला चाटू लागले की त्याच्या अंगात जीव आला, असे जाणते लोक म्हणतात. भूतदयेचा उपदेश मराठी माणसाला संतांनी शतकानुशतके केला आहे. आजारी पिल्लाच्या बाबतीत ती दया पाळण्याची रीत अगदी साधी आहे. रोज वेळेवर दार उघडावे, वजन करावे, घमेले धुवावे, हात धुवावे आणि दार पुन्हा लावून घ्यावे.